चार वाजून चार मिनिटांचा माणूस

पॅलो सेको, अ‍ॅरिझोना
दसऱ्याचा आदला दिवस (इथे नुसताच बुधवार)

तीर्थरूप आक्का,

धाकट्या रवीचा वाकून नमस्कार. कंबर आता पुरती वाकत नाही, तेव्हा अर्धाच नमस्कार पोचला असं समज, आशीर्वाद मात्र पूर्ण दे.

तुझ्या पायांची सूज उतरली का? झोपताना पायाखाली उशी घेतेस, की ती दाजींना देऊन टाकलीस? दाजींचं कानातलं यंत्र कसं आहे? तू बोलायला लागलीस की ते यंत्र काढून खिशात ठेवतात, असं तुझा सत्यजित फोनवर सांगत होता. ठेवू देत, पन्नास वर्षांच्या संसारानंतर माणसाला तेवढी विश्रांती लागते. सत्यजितची धरलेली पाठ सुटली का? सूनबाई शरयूची अर्धशिशी? तिला म्हणावं, उन्हं चढायच्या आत गरम जिलबी दुधातून खा. गुण नाही आला तरी जिलबी तर पोटात जाते. कुशचे टॉन्सिल काढले, की डॉक्टर अजून नुसताच बॅटरी मारून बघतोय? आणि मिरजेच्या माझ्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाच्या कुलपात महिन्यातून एकदा तेल सोडतेस ना? तेही आता घरातल्या म्हाताऱ्यांतच जमा आहे.

मी बरा आहे. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, खरं काय ते खाली येईलच. फोनवर हे सांगणं मला जमलं नसतं, कारण तू मधेच "रवी, खरं बोल" म्हणतेस आणि माझी जीभ टाळ्याला चिकटते. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे.

तुला वाटतंय मी चँडलरला वीणाकडे आहे. तिथे मी ऑगस्टपर्यंतच होतो. लेक आणि जावई दोघंही चिपच्या कारखान्यात. सकाळी आठला जी गाडी काढतात ती संध्याकाळपर्यंत परतत नाही, आणि दिवसभर घरात मी आणि एसी असे दोघंच एकमेकांकडे बघून घरघर करायचो. मग एके दिवशी नातीचा, इलेचा, फोन आला. ती इथे दोन तासांवर, पॅलो सेको नावाच्या वाळवंटातल्या गावात, टीव्ही स्टेशनवर इंजिनियर आहे. (पंचवीस वर्षांची झाली, आक्का. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र भेळ कालवल्यासारखं.) वीणाला म्हणाली, "आजोबांना पाठव ना थोडे दिवस. ही'ज गुड विथ ओल्ड टीव्हीज." भीती वाटते हे काही ती म्हणाली नाही. पण मी तिचा आवाज ऐकला. पन्नास वर्षं बिघडलेले आवाज ऐकलेला माणूस आहे मी, कुठे खरखर आहे ते मला कळतं. दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली. माझा मीटर, दोन स्क्रू ड्रायव्हर, आणि तू दिलेली मेतकुटाची बरणी.

आता स्टेशन म्हणजे काय ते तुला समजावून सांगतो, दाजींना वाचून दाखव. न्यूयॉर्कला मोठं नेटवर्क असतं. ते मालिका, खेळ आणि देशभरच्या बातम्या पाठवतं. गावोगावचं स्टेशन ते सगळं घेऊन आपल्या टॉवरवरून घरोघर पोचवतं, आणि मधल्या फटीत आपल्या गावच्या बातम्या, गावचं हवामान आणि गावच्या दुकानांच्या जाहिराती घालतं. म्हणजे कीर्तनकार बाहेरगावचा, टाळकरी गावचे आणि खिरापत गावच्या वाण्याची. इलेचं हे चॅनल एकोणीस. सत्तावन्न साली ऑर्विल पिकेट नावाच्या एका खिळे-पत्रे विकणाऱ्या दुकानदाराने काढलं. झालं असं की त्याने स्वस्तात मिळाले म्हणून चाळीस टीव्ही आणून ठेवले, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आसपास शंभर मैलांत दिसायला काहीच नाही! मग त्या पठ्ठ्याने टीव्ही खपावेत म्हणून स्टेशन काढलं. पाळणा आधी विकत घेतला आणि मग मुलगी बघायला निघाला. मला तर ऐकल्यापासून तो माणूस चुलत-मामेभाऊच वाटतो.

पुढे दुकान गेलं, पिकेटही गेला, स्टेशन मात्र वाढलं. एके काळी साठ माणसं होती. आता अडीच आहेत. एक इला, दुसरा जाहिराती गोळा करणारा ड्वेन, आणि अर्धी म्हणजे आठवड्यातून तीन दिवस येऊन फोनवर चित्रण करणारी एक बातमीदार मुलगी. बाकी सगळं परराज्यातल्या मालक-कंपनीच्या एका मोठ्या कचेरीतून चालतं. तिथे बसलेली बाई "आपल्या पॅलो सेकोमध्ये आज" असं म्हणून बातम्या वाचते. तिने हे गाव नकाशातही बघितलेलं नाही.

पहिल्या दिवशी इला मला आत घेऊन गेली. आक्का, भर दुपारी अंगावर काटा आला. मोठं दालन, साठ खुर्च्या, प्रत्येक टेबलावर कप, चष्म्याची घरं, लेकराबाळांचे फोटो, आणि माणूस एक नाही. भिंतीवरचं कॅलेंडर अकरा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरवर थांबलेलं. पुढे स्टुडिओ. दारावर लाल दिवा जळतोय आणि आत कुणी नाही. तीन मोठे कॅमेरे चाकांवर उभे. मी आत पाऊल टाकलं तर मधल्या कॅमेऱ्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी घाबरून नमस्कार केला, तर तो खाली वाकला! (नंतर कळलं, ते परराज्यातून कुणीतरी कळ दाबून हलवतात. पण त्या वेळी कुणी दाबली ते इलेलाही कळलं नाही. ती म्हणाली, "ते कधी कधी करतात, आजोबा, डोन्ट लुक अ‍ॅट इट.") आणि इथला कायदा असा की दर तासाला स्टेशनने स्वतःचं आणि गावाचं नाव सांगायचं. त्या रिकाम्या इमारतीत दर तासाला एक जाड पुरुषी आवाज उठतो, नाव घेतो आणि गप्प होतो. नव्या नवरीने उखाणा घ्यावा आणि मांडवात वऱ्हाडच नसावं, तसं वाटतं.

आता मूळ भानगड. जूनपासून रोज दुपारी चार वाजून चार मिनिटांनी चॅनल एकोणीसचं चित्र जायचं आणि त्या जागी एक माणूस यायचा. उंच, शेवग्याच्या शेंगेसारखा, गळ्यात दोरीचा टाय, हातात बिलियर्डची कापलेली काठी, मागे हवामानाचा नकाशा. तोंड हलतंय, आवाज नाही. नकाशावर दोनदा काठी टेकवायची, मग डावीकडे बघून कुणाला तरी "कळलं" अशी मान हलवायची, की चित्र गेलं. बरोबर नऊ सेकंद. केबलवाल्यांना दिसायचा नाही. स्टेशनच्या स्वतःच्या नोंदीतही दिसायचा नाही. ज्यांच्या छपरावर अँटेना आहे, फक्त त्यांनाच. गावातल्या जुन्या माणसांनी त्याला लगेच ओळखला. तो होता अर्ल टिबेट्स. पिकेटच्या दुकानातून टीव्ही पोचवायला म्हणून लागलेला हमाल, तो पुढे अडतीस वर्षं या चॅनलवर हवामान सांगत होता. दर वेळी शेवटी म्हणायचा, कुत्र्याला पाणी ठेवा. त्याला जाऊन दहा वर्षं झाली.

इला म्हणायची, "इट्स अ ग्लिच." मी म्हणालो, बाळ, ग्लिच मान हलवत नाही.

गंमत म्हणून लोकांनी फोन केले, मग तक्रारी म्हणून केले, आणि एका शेतकऱ्याने तर असा केला, की अर्ल जिथे काठी टेकवतो तिथे दुसऱ्या दिवशी वळीव पडतो, तेव्हा त्याला जरा जास्त वेळ द्या. कंपनीचे साहेब, मिस्टर ग्रेडी, यांना वळिवाचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी इलेला लेखी कळवलं, सप्टेंबर संपायच्या आत हा बिघाड काढ, नाहीतर पॅलो सेकोच्या इमारतीला कुलूप लावून सगळं आम्ही इथूनच चालवू. म्हणजे इलेची नोकरी गेली. आणि आक्का, पोरीचा जीव आहे त्या जागेवर. एकटी साठ खुर्च्यांवरची धूळ पुसते. मी विचारलं, कशाला गं? तर म्हणाली, "समबडी शुड, ना."

मग मी उपाय हातात घेतला. (इथे तू कपाळावर हात मारून घे, म्हणजे पुढचं वाचायला मोकळी.) माझं म्हणणं असं, की इतक्या वर्षांच्या यंत्राला कुणाची तरी दृष्ट लागली असणार. गावाबाहेर टेकाडावर टॉवर आहे, त्याच्या पायाशी एक पत्र्याची खोली आहे, त्यात प्रक्षेपणाची कपाटं. रविवारी दुपारी इला खाली मोटारीत फोनवर असताना मी मीठ-मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या घेऊन कपाटांवरून उतरवल्या आणि खोलीतल्याच छोट्या शेगडीवर टाकल्या. तुला तर माहीत आहे, दृष्ट असली की मिरच्यांचा ठसका लागत नाही. आक्का, इतका लागला की दृष्ट अजिबात नसावी! पत्र्याची बंद खोली, वाळवंटातलं ऊन आणि आपल्या ब्याडगी मिरच्या. छतावरचं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं, चॅनल एकोणीस बंद पडलं, आणि पंधरा मिनिटांत आगीचे दोन बंब आले. चौघं धिप्पाड गडी मुखवटे घालून आत गेले आणि शिंकत बाहेर आले. त्यांचा मिशाळ नाईक डोळे पुसत मला विचारतो, आत कुठलं रसायन आहे? मी म्हणालो, संकेश्वरची असती तर तुम्ही उभे राहिला नसतात. अहवालात त्यांनी लिहिलं, "अज्ञात त्रासदायक पदार्थ." तो अहवाल ग्रेडीसाहेबांकडे गेला. त्यांचं दुसरं पत्र इलेने मला वाचून दाखवलं नाही. नुसतं घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि त्या दिवशी माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, आता मंत्र-तंत्र पुरे, जे येतं ते कर. मीटर काढला. स्टेशनपासून टॉवरपर्यंत चित्र एका डिशमधून दुसऱ्या डिशमध्ये हवेतून जातं. दुपारच्या तापल्या हवेत ते क्षणभर तुटत असणार, आणि तुटलं की खोलीतलं एक राखीव यंत्र आपोआप चालू होऊन साठवलेलं चित्र दाखवत असणार. जुनी टेप राहिली असेल त्यात, झालं! इलेला सांगितलं तर पोरीने मला मिठी मारली. आम्ही दोघं साडेतीनला टॉवरवर गेलो. राखीव यंत्र कपाटाच्या तळाशी सापडलं. धूळ बोटभर. मागे हात घातला तर वायर उंदराने कुरतडून तोडलेली, टोकं गंजलेली, म्हणजे वर्षांपूर्वीचं काम. मीटर लावला. काटा हलला नाही. आक्का, माणसांनी मला फसवलं, मीटरने कधी फसवलं नाही. ते यंत्र थंड होतं, मेलेलं होतं.

चार वाजून चार मिनिटांनी समोरच्या छोट्या पडद्यावर तो आला. माझा हात अजून त्या थंड यंत्रावरच होता. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. पण काठी नकाशावर टेकली तेव्हा माझ्या पाठीमागच्या पत्र्यावर ठक् असं वाजलं. परत ठक्. मग त्याने डावीकडे बघून मान हलवली. त्याच्या डावीकडे, म्हणजे बरोबर जिथे इला उभी होती तिथे. इलेने माझा सदरा धरला होता. मला म्हणाली, "आजोबा, चला." हे मात्र शुद्ध मराठीत.

यंत्रात सापडत नाही तर माणसांत शोधावं. मी गावातून फिरायला लागलो. छपरावरचा अँटेना बघून मी घर ओळखतो, हे तू जाणतेस. गावाच्या शेवटच्या रस्त्यावर एका लहान घराचा अँटेना असा होता, की बघून हात जोडावेत. एकेक दांडी पुसलेली, सांध्यांना मेण, टॉवरकडे सुतात लावलेला. दार वाजवलं. सहा कमी नव्वदीच्या एक बाई आल्या. लोरीन टिबेट्स. अर्लची बायको.

त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळलं आणि त्यांना माझं पाव. पण बर्फ घातलेला चहा आणि शिळी बिस्किटं यांना भाषा लागत नाही. समोर टीव्ही, त्याच्यासमोर दोन खुर्च्या. एकीवर त्या, दुसरी रिकामी. मी बसायला गेलो तर हात आडवा केला आणि मला स्टूल दिलं. चारला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी केस विंचरले आणि ओठांना रंग लावला. तो आला. नऊ सेकंद. त्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

मग सांगितलं त्यांनी. अकरा वर्षांपूर्वी कंपनीने गावचं हवामान बंद करून परराज्यातून द्यायचं ठरवलं, आणि अर्लला ते सांगायचं राहून गेलं. रोजच्यासारखा तो चार वाजून चार मिनिटांनी उभा राहिला, पूर्ण हवामान सांगितलं, कुत्र्याला पाणी ठेवा म्हणाला. कॅमेरा बंद होता. बाजूला उभं राहून हाताने खुणा करणारा जो गडी असतो, त्याने बिचाऱ्याने लाजून खुणाही केल्या, पण अर्लला खरं सांगायचं धाडस त्याला झालं नाही. अर्ल घरी आला तर लोरीनबाईंनी विचारलं, आज तू दिसला का नाहीस? त्याने टोपी काढली आणि खुर्चीत बसला, तो फारसा उठलाच नाही. पुढच्या जूनमध्ये गेला.

मी चहा खाली ठेवला. त्यांनी विचारलं, तू दुरुस्त करायला आलास का? मी होय म्हणालो, खोटं बोलता आलं नाही. त्या म्हणाल्या, एकदा गेला तेव्हा मला कुणी विचारलं नाही, आता तू विचारतोयस तर नको म्हणते.

आक्का, माझी आश्लेषा गेल्यावर मला कुणी रोज नऊ सेकंद दिले असते, तर मी मेकॅनिकला उंबरठा ओलांडू दिला असता का? पण इकडे इला. इकडे लोरीनबाई. मधे मी, मोडक्या इंग्रजीचा आणि मिरच्यांनी बदनाम झालेला. चार दिवस जेवण गेलं नाही. आणि पाचव्या दिवशी तुळशीबागेच्या कॅलेंडरवर नजर गेली, तर पितृपक्ष चालू!

मग लक्षात आलं, की माणूस काहीतरी मागे ठेवून गेलाय. आणि ते काय, हे विचारायचा आपला एकच रस्ता आहे. इलेला सांगितलं, की पिंड ठेवायचा आणि कावळ्याला विचारायचं. ती मोठ्याने हसली, मग हसता हसता रडली आणि म्हणाली, "फायनली अ प्लॅन." लोरीनबाईंना विचारलं, त्यांनी फक्त एवढं सांगितलं, की त्याला डब्यातले पीच आवडायचे.

शनिवारी दुपारी बाराला टॉवरच्या पायाशी कागदी थाळीत भाताचा गोळा, काळे तीळ, पीचच्या दोन फोडी आणि कोपऱ्यात मेतकूट. लोरीनबाई मोटारीत टोपी घालून बसल्या. ड्वेन नुसता बघायला आला होता. इथला कावळा म्हणजे डोमकावळा, आक्का, कोंबड्याएवढा. टॉवरच्या तारेवर एकच बसला होता, सकाळपासून असल्यासारखा. उतरला, थाळीभोवती एक फेरी मारली, बँकेतला साहेब अर्ज बघतो तसा बघितला, आणि दोन हात दूर जाऊन उभा राहिला. शिवेना.

मी हात जोडले आणि म्हणालो, अर्लराव, तुमच्या जुन्या टेपा फेकू देणार नाही. कावळा हलला नाही. म्हणालो, तुमच्या छपरावरचा अँटेना मी पुसून ठेवीन. त्याने पंख झाडले, बस्स. ड्वेनला राहवलं नाही, तो म्हणाला, अर्लच्या नावाने जाहिरातीत सवलत देऊ. कावळ्याने त्याच्याकडे पाठ केली. इला म्हणाली, भिंतीवर नावाची पाटी लावू. नाही. ऊन डोक्यावर, टॉवरच्या तारा वाऱ्याने गुणगुणत होत्या. तसं म्हणायचं म्हणून म्हणतो, वारा नव्हता. अर्धा तास गेला. मोटारीत लोरीनबाईंनी काच खाली केली होती आणि त्या एकटक कावळ्याकडे बघत होत्या. शेवटी इला चिडली. पाय आपटून म्हणाली, "ओके, फाइन! वेदर मी सांगते. इथूनच, रोज, चार वाजता, लाइव्ह. हॅपी?"

कावळा सरळ चालत आला. एक शीत उचललं. डावीकडे बघून मान हलवली आणि उडाला. (कावळे मान हलवतातच, हे मलाही ठाऊक आहे. तरी सांगितलं.)

तुला सांगायला हवं, ही पोरगी आयुष्यात कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली नाही. लहानपणी वाढदिवसाच्या फोटोतसुद्धा टेबलाखाली असायची. पण शब्द गेला तो गेला. तिने ग्रेडीसाहेबांना व्हिडिओवर गाठलं. ते म्हणाले, बिघाड थांबला तर दोन मिनिटं देतो, बघू. सोमवारी चार वाजून चार मिनिटांनी इला उभी राहिली, तापमान सांगायचं विसरली, वळीव सांगितला तो पडला. आणि अर्ल आला नाही. त्या दिवसापासून आला नाही. कालच्या मंगळवारी सप्टेंबर संपला. इमारतीला कुलूप लागलं नाही, इला आहे तिथे आहे, ड्वेनला चार जाहिराती जास्त मिळाल्या, आणि बंबवाल्या मिशाळ नाइकाने फोन करून त्या मिरच्या कुठे मिळतात ते विचारलं. असं सगळं गोड झालं.

लोरीनबाईंचं काय झालं, हे तू विचारशीलच. ते पुढे कधीतरी.

दाजींना नमस्कार, सत्यजित-शरयूला आशीर्वाद, कुशला गालाचा पापा.

तुझा,
रवी

ताजा कलम : बरं, लिहितोच. त्या सोमवारी चारला मी लोरीनबाईंकडे गेलो. चोराने ज्याचं चोरलं त्याच्याच दारी जावं तसा. त्यांनी केस विंचरले होते, ओठ रंगवले होते. पडद्यावर इला आली. मी मान खाली घातली. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाल्या, बघ, मुलीला जागा द्यायला बाजूला सरकलाय. मी चष्मा पुसून बघितलं. मला इलाच दिसली, एकटी. पण शेवटी इलेने डावीकडे बघून मान हलवली. घरी आल्यावर मी सहज विचारलं, डावीकडे कोण होतं गं? ती म्हणाली, "तो उंच म्हातारा, हाताने टायमिंग देतो तो. कंपनीने पाठवलाय ना? सो स्वीट, आजोबा." कंपनीने कुणालाही पाठवलेलं नाही. मी भेंडी चिरायला घेतली. तूही फोनवर तिला यातलं काही सांगू नकोस.

आणखी एक, आणि हे लिहायलाच मी कागद घेतला होता. इलेला वाटतं कावळा तिच्या शब्दावर शिवला. गावालाही तसंच वाटतं, वाटू दे. पण ती पाय आपटायच्या श्वासभर आधी मी मनात म्हटलं होतं, अर्लराव, तुम्ही गेल्यावर त्या दुसऱ्या खुर्चीचं माझ्याकडे लागलं. चार वाजता तुमच्या लोरीनबाई एकट्या बसणार नाहीत, मी आहे तोवर मी बसेन. कोणाच्या शब्दाला तो शिवला ते मला माहीत नाही, आणि हे विचारायला परत पिंड ठेवायची माझी छाती नाही. त्यामुळे वीस ऑक्टोबरला सुटणारं माझं परतीचं विमान मी रद्द केलं. वीणाने माझ्या व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज केलाय. म्हणजे आक्का, या भाऊबीजेला मी येत नाही. सत्तर वर्षांत एकही चुकवली नाही, कावीळ झाली तेव्हासुद्धा पिवळा धम्मक होऊन पाटावर बसलो होतो. या वर्षी अंगणात पाट मांड, आणि भाऊ दूर असलेल्या बायका करतात तसं चंद्राला ओवाळ. त्या दिवशी तो कोरभरच असेल आणि लवकर मावळेल, तेव्हा दाजींना यंत्र घालून आधीच बोलावून ठेव. तुझ्याकडे तो मावळला की बारा तासांनी माझ्याकडे येतो, मी इथून बघीन. रागावलीस तर रागाचंच पत्र लिही, पण लवकर लिही. स्टेशनच्या पत्त्यावर नको, इला उघडेल. लोरीनबाईंच्या पत्त्यावर टाक, मागच्या पानावर लिहिलाय. त्या मला दुसऱ्या खुर्चीवर बसू देतात आता.